आंबवलेली कॉफी आणि आपली झोप

रियाधला ओलायात मुलाकडे गेले असताना संध्याकाळी फळासारख्या वासाची कॉफी प्याले. जाझानच्या डोंगरातल्या लहान शेतकऱ्यांची. तिथली खौलानी कॉफी पिकवण्याची रीत २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेली आहे. हल्ली काहीजण कॉफीची पिकली फळे हवाबंद पिंपात आंबवतात, मग वाळवून बिया भाजतात. चव इतकी हलकी, की मी दुसरा कप मागितला. रात्री दोनपर्यंत टक्क जागी, छातीत धडधड!

आंबवल्याने कॅफीन फारसे घटत नाही. त्यातले निम्मे अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात, आणि आपली झोप आधीच सावध. कॉफी सकाळीच घ्यावी. थायरॉईडची गोळी घेत असाल, तर गोळीनंतर तासभर थांबा. धडधड पुन्हा झाली, तर डॉक्टरांना दाखवा.