वर्तनवाद आणि नैराश्यावरील उपचार

खचलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ असा सल्ला आपण सहज देतो. वर्तनवादाने निराळी वाट धरली. मानसशास्त्राने दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा, असे प्रतिपादन जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये केले. ज्या कृतीचे फळ सुखद, ती दृढ होते; फळ मिळेनासे झाले की ती हळूहळू सुटते, हे पुढे बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी दाखविले.

आपल्या किनाऱ्यावरील उदाहरण घेऊ. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कर्जाच्या चिंतेने खचलेला एखादा मच्छीमार बंदी उठल्यावरही बंदरावर जात नाही. घरी राहिल्याने लोकांचे प्रश्न टळतात, तेवढ्यापुरते बरे वाटते. म्हणून घरी बसणेच अंगवळणी पडते. मात्र त्याबरोबर सोबत्यांची संगत, कमाई आणि श्रमाचे समाधानही तुटते आणि मन अधिकच खचते. याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल.

हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणे, हा वर्तनोपचाराचा गाभा होय. उत्साहाची वाट न पाहता रुग्ण व समुपदेशक मिळून लहान कामे ठरवितात : सकाळी अर्धा तास जाळे सांधणे, सायंकाळी एका सोबत्याला भेटणे. त्यानंतर मनःस्थितीत काय फरक पडला, याची नोंद ठेवतात.

शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेने याच तत्त्वावरील उपचार १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासला. तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेले ४९५ प्रौढ त्यात सहभागी होते. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक होते. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या उपचाराचा लाभ मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

वर्तनवाद सर्वांगपूर्ण नाही. विचारांकडे त्याचे झालेले दुर्लक्ष अ‍ॅरन बेक आदींनी भरून काढले. डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार येत असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

माजी विद्यार्थी व पालकहो, आपल्या वाडीतील असा कोणी घराबाहेर पडेनासा झाला असेल, तर त्याला उपदेश करू नये. त्याच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत जावे आणि ठरलेल्या लहानशा कामात त्याला सोबत करावी.