भाषा घडविता येते काय? : एस्पेरांतोचा एक अभ्यास

भाषा ही कोणी एकाने बसून तयार केलेली वस्तू नव्हे. ती लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या घडत जाते, असे आपण भाषेच्या अभ्यासात आरंभीच शिकतो. ते खरेच आहे. मराठी कोणी 'केली' नाही. परंतु जगात काही भाषा अशाही आहेत की ज्यांचा कर्ता कोण आणि पहिले पुस्तक कोणत्या दिवशी निघाले, हे निश्चित सांगता येते. त्यांना रचित किंवा कृत्रिम भाषा म्हणतात. टॉल्किन या इंग्रज लेखकाने आपल्या कथांतील लोकांसाठी भाषा रचल्या. 'बाहुबली' (२०१५) या चित्रपटातील कालकेय टोळीची 'किलिकी' भाषा मदन कार्की या तमिळ गीतकाराने रचली. या झाल्या कथेपुरत्या भाषा. जिवंत माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून रचलेल्या भाषांत सर्वांत यशस्वी ठरली ती एस्पेरांतो. तिचे व्याकरण आणि शब्द कसे रचले गेले, त्यात काय साधले आणि काय राहून गेले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

भाषेचा कर्ता

लुडविक झामेनहोफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियावीस्तोक या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू असे समाज राहत. प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि आपसात तेढ. झामेनहोफ स्वतः ज्यू होते. भाषांची भिंत हे या भांडणाचे एक मोठे कारण आहे, असे त्यांना लहानपणीच वाटू लागले. जी सर्वांना शिकता येईल आणि जी कोणा एका समाजाच्या मालकीची नसेल, अशी एक दुसरी भाषा हवी, हा ध्यास त्यांनी शाळेत असतानाच घेतला. डिसेंबर १८७८ मध्ये त्यांच्या भाषेचा पहिला आराखडा तयार झाला आणि वर्गमित्रांसह त्यांनी तो प्रसंग साजरा केला. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढे आणि हा अंक वाचणाऱ्या पुष्कळांएवढेच!

पुढे ते डोळ्यांचे डॉक्टर झाले. पण भाषेवरचे काम थांबले नाही. अखेर २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे रशियन भाषेत एक छोटे पुस्तक निघाले. छपाईला पत्नीच्या माहेरचा पैसा उपयोगी पडला. लेखकाचे टोपणनाव होते 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे 'आशा बाळगणारा'. तेच पुढे भाषेचे नाव झाले.

व्याकरण : सोळा नियम

शाळेत झामेनहोफ लॅटिन, ग्रीक अशा भाषा शिकत होते. त्यांतील विभक्त्यांचे आणि क्रियापदांचे जंजाळ त्यांना भाषेचा अटळ भाग वाटे. नंतर इंग्रजीशी परिचय झाला, आणि इतक्या थोड्या रूपांतही भाषा चालू शकते हे पाहून ते चकित झाले. रूपांची श्रीमंती ही इतिहासाची देणगी आहे, गरज नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८८७ च्या पुस्तकातील सारे व्याकरण अवघ्या सोळा नियमांत बसविलेले आहे, आणि त्या नियमांना अपवाद नाहीत.

काही नियम पाहू. प्रत्येक नामाच्या अंती 'ओ', विशेषणाच्या अंती 'आ' आणि क्रियाविशेषणाच्या अंती 'ए' येतो. अनेकवचनाला 'य' लागतो. क्रियापदाचा वर्तमानकाळ 'आस', भूतकाळ 'ईस' आणि भविष्यकाळ 'ओस' या प्रत्ययाने होतो. 'लेर्नी' म्हणजे शिकणे. 'मी लेर्नास' म्हणजे मी शिकते, 'मी लेर्नीस' म्हणजे मी शिकले, आणि 'मी लेर्नोस' म्हणजे मी शिकेन. यातील 'मी' मराठी नसून एस्पेरांतोच आहे. योगायोग असा की त्या भाषेतही स्वतःला 'मी'च म्हणतात. कर्ता मी असो, तू असो, तो असो की ती असो, 'लेर्नास' बदलत नाही. आपल्याकडे मात्र शिकतो, शिकते, शिकतोस, शिकतेस, शिकतात असा परिवार उभा राहतो.

येथे मराठीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. एकाच वस्तूला आपण दार म्हटले तर ते नपुंसकलिंगी, दरवाजा म्हटले तर पुल्लिंगी, आणि शेजारची खिडकी स्त्रीलिंगी! याचे कारण वस्तूत सापडत नाही. एस्पेरांतोत नामाला असे व्याकरणिक लिंगच नाही. आपण 'कर' पासून 'केले', 'जा' पासून 'गेले' आणि 'ये' पासून 'आले' करतो. लहान मूल 'बस-बसलं', 'उठ-उठलं' ऐकून 'मी करलं' म्हणते, आणि आपण हसतो. वास्तविक त्या मुलाने नियम बरोबर ओळखलेला असतो. नियम मोडलेला असतो तो भाषेने. झामेनहोफ यांनी आपले व्याकरण जणू त्या मुलाच्या बाजूने रचले.

एका नियमात मात्र मराठी माणूस युरोपियनापेक्षा सुखी आहे. कर्माला एस्पेरांतोत 'न' हा प्रत्यय लागतो. 'पात्रो वीदास फीलोन' म्हणजे बाप मुलाला पाहतो. शब्द फिरवून 'फीलोन वीदास पात्रो' म्हटले तरी पाहणारा बापच. इंग्रजांना व फ्रेंचांना हा 'न' जाचक वाटतो, कारण त्यांच्या भाषांत अशा वाक्यात शब्दांचा क्रमच कर्ता-कर्म ठरवितो. आपल्या 'मुलाला'मधील 'ला' हेच काम करीत असल्यामुळे आपल्याला त्यात नवे काही वाटत नाही.

शब्दसंग्रह : थोडी मुळे, पुष्कळ शब्द

व्याकरण सोळा नियमांत बसले, पण शब्दांचे काय? शब्दकोश तर हजारो शब्दांचा असतो. झामेनहोफ यांनी प्रथम एक गणिती युक्ती करून पाहिली. मोठे शब्द कशाला हवेत? एक-दोन अक्षरांच्या शक्य तेवढ्या जुळण्या कराव्यात आणि प्रत्येकीला एक अर्थ द्यावा. कागदावर हे सोपे दिसले; पण असे शब्द स्वतः कर्त्याच्याही लक्षात राहीनात! तेव्हा त्यांनी ती कल्पना सोडली आणि प्रचलित भाषांतूनच मूळ शब्द घेण्याचे ठरविले.

दुसरी अडचण संख्येची होती. तिचे उत्तर त्यांना रस्त्यावर सापडले. दारवानाच्या खोलीवर आणि मिठाईच्या दुकानावर लावलेल्या रशियन पाट्यांत 'स्काया' हा एकच प्रत्यय आहे, हे एके दिवशी त्यांच्या ध्यानी आले. आपल्याकडे दवाखाना, कारखाना, तोफखाना यांत 'खाना' आहे, तसेच हे. प्रत्यय नियमाने वापरले तर एका मुळापासून कितीतरी शब्द होतात आणि ते पाठ करावे लागत नाहीत.

'एय' म्हणजे जागा. म्हणून 'लेर्नेयो' म्हणजे शिकण्याची जागा, शाळा. 'ईल' म्हणजे साधन. 'त्रांची' म्हणजे कापणे, म्हणून 'त्रांचीलो' म्हणजे सुरी. 'आर' म्हणजे समूह. 'आर्बो' म्हणजे झाड, म्हणून 'आर्बारो' म्हणजे वन. 'माल' हा उपसर्ग अर्थ उलटा करतो. 'बोना' चांगले, 'मालबोना' वाईट. 'ग्रांदा' मोठे, 'मालग्रांदा' लहान. आता 'मालसानुलेयो' हा लांबलचक शब्द सोडवून पाहा. माल (उलट), सान (निरोगी), उल (माणूस), एय (जागा), ओ (नाम) : जे निरोगी नाहीत अशा माणसांची जागा, अर्थात रुग्णालय! संगणकाला ही भाषा बोलणारे 'कोम्पुतीलो' म्हणतात. 'कोम्पुती' म्हणजे गणना करणे, आणि 'ईल' आपण पाहिलेच. संगणक झामेनहोफ यांच्या हयातीत नव्हता, पण त्याला नाव देण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती.

प्रश्नवाचक आणि दर्शक शब्दांचीही अशीच जुळणी आहे. 'कीए' कोठे, 'तीए' तेथे; 'कीआम' केव्हा, 'तीआम' तेव्हा; 'कीएल' कसे, 'तीएल' तसे. पाच आरंभ आणि नऊ शेवट मिळून पंचेचाळीस शब्द होतात. मराठीतही केव्हा-जेव्हा-तेव्हा, कसा-जसा-तसा, किती-जितकी-तितकी अशी सुरेख मांडणी आहे. आपण ती रोज वापरतो, पण तिच्याकडे कधी थांबून पाहत नाही. परकी भाषा शिकल्याचा हा एक लाभ म्हटला पाहिजे.

उणिवा

पहिल्या पुस्तकात सुमारे नऊशे मुळे होती. ती जवळजवळ सर्व युरोपीय भाषांतली आहेत. संस्कृत आणि युरोपीय भाषा एकाच कुळातील असल्याने आपल्याला ओळखीचे काही चेहरे भेटतात : नऊला 'नाउ', तीनला 'त्री', दाताला 'देन्तो' (आपला दंत), नावाला 'नोमो' (आपले नाम), नव्याला 'नोवा'. पण हे थोडेच. फ्रेंच विद्यार्थ्याला निम्मा शब्दकोश फुकट मिळतो. मराठी, तमिळ किंवा चिनी विद्यार्थ्याला तो कष्टाने मिळवावा लागतो. जी भाषा कोणाचीच नाही असे म्हटले, ती काहींची अधिक आहे, हा आक्षेप मला योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप एक विद्यार्थिनी म्हणून मला अधिक टोचतो. 'पात्रो' म्हणजे वडील. त्याला 'ईन' हा स्त्रीवाचक प्रत्यय लावून 'पात्रीनो' म्हणजे आई. आईला स्वतंत्र शब्द नाही. ती व्याकरणात वडिलांपासून तयार होते. मुळे वाचविण्याच्या हिशोबात ही काटकसर झाली, पण नियम रचणाऱ्याच्या काळाची समजूतही तीत उतरली.

भाषा कोणाची?

एस्पेरांतोच्या थोडे आधी, १८७९-८० मध्ये, योहान मार्टिन श्लायर या जर्मन कॅथलिक धर्मगुरूंनी 'व्होलाप्यूक' नावाची भाषा रचली होती. तिचा आरंभी मोठा बोलबाला झाला. १८८४, १८८७ आणि १८८९ मध्ये तिच्या परिषदा भरल्या. तिच्यातही नियमितपणा होता. परंतु शब्द इतके तासलेले की मूळ ओळखू येऊ नये : इंग्रजीतील जग आणि बोलणे या अर्थांच्या शब्दांपासून 'व्होल' आणि 'प्यूक' झाले. सुधारणेची मागणी झाली, तेव्हा श्लायर यांनी अंतिम शब्द आपलाच राहील असा आग्रह धरला. अनुयायांत फूट पडली आणि चळवळ झपाट्याने ओसरली.

झामेनहोफ यांनी पहिल्याच पुस्तकात जाहीर केले की, ही भाषा सर्वांची आहे आणि तिच्यावरील आपले सर्व हक्क आपण सोडीत आहोत. १८९४ मध्ये त्यांनी स्वतःच काही सुधारणा सुचविल्या. वाचकांचे मत घेतले. बहुमत विरुद्ध गेले, आणि कर्त्याने ते मान्य केले. १९०५ मध्ये फ्रान्समधील बुलोन येथे पहिले जागतिक संमेलन भरले आणि निरनिराळ्या देशांतील माणसे ती भाषा एकमेकांशी बोलली. १९०७ मध्ये 'ईदो' नावाची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात कर्माच्या 'न'ची सक्तीही कमी केली होती. तरीही बहुसंख्य लोक जुन्या भाषेजवळच राहिले. झामेनहोफ १९१७ मध्ये वारले. भाषा त्यांच्यामागे जगली आणि आजही तिची संमेलने भरतात. व्याकरणाचा आराखडा एकाने केला, पण ते चालविले बोलणाऱ्यांनी, हे या दोन भाषांच्या इतिहासातून दिसते.

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो, ते सांगून लेख संपविते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. घरी आम्ही 'व्हतं' म्हणतो, वर्गात 'होतं' म्हणावे लागते. चुकून घरचा शब्द तोंडून निघाला तर मागच्या बाकांवर हशा पिकतो. व्याकरण म्हणजे आपल्यासारख्यांना बाहेर ठेवण्यासाठी केलेले कुंपण, असे मला फार दिवस वाटत असे. एस्पेरांतोच्या सोळा नियमांनी व्याकरणाची दुसरी बाजू दाखविली. नव्याने येणाऱ्याला आत घेण्यासाठीही नियम करता येतात. तसे ठरवावे मात्र लागते. 'होतं' आणि 'व्हतं' यांत कोणते रूप प्रमाण, हेही शेवटी माणसांनीच ठरविलेले आहे. म्हणून लेखनात मी प्रमाण रूप वापरीन, पण माझ्या आईचे बोलणे अशुद्ध आहे असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडेही शब्द घडविण्याची परंपरा जुनी आहे. शिवछत्रपतींच्या काळी 'राज्यव्यवहारकोश' झाला. सावरकरांनी सुचविलेला 'महापौर' आपण सहज वापरतो. उलट 'दूरध्वनी' पत्रिकेवर छापला जातो आणि तोंडात 'फोन'च राहतो. शब्द कोणीही घडवावा, त्याला ठेवायचे की नाही हे बोलणारे ठरवितात. तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे माझे उत्तर असे : भाषा घडविता येते, परंतु ती घडवून लोकांच्या हाती सोपविली तरच ती भाषा होते.