दोन राज्यांतले एक गाव



आज मी तुम्हाला जर्मनी देशातल्या एका लहानशा गावाची माहिती सांगणार आहे. गावाचे नाव आहे म्योडलारॉइट. नाव म्हणताना जीभ अडखळते. दोन-तीनदा मोठ्याने म्हणा, म्हणजे येईल.

गाव कोठे आहे?

जर्मनी हा देश युरोप खंडात आहे. त्यात बव्हेरिया आणि थुरिंगिया अशी दोन राज्ये शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या हद्दीवरच हे गाव आहे. गावात पन्नासाच्या आसपास माणसे राहतात. म्हणजे एका वर्गातल्या मुलांएवढेच अख्खे गाव! गावातून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा अगदी लहान आहे. ओढ्याच्या अलीकडची घरे बव्हेरियात आणि पलीकडची घरे थुरिंगियात.

जुना इतिहास

पूर्वी जर्मनीत पुष्कळ राजे होते. ओढ्याच्या एका बाजूला बव्हेरियाचे राज्य होते आणि दुसऱ्या बाजूला रॉइस नावाचे छोटे संस्थान होते. सन १८१० मध्ये तिथं हद्दीचे दगड रोवले. दगडाच्या एका अंगाला एका राज्याची अक्षरे आणि दुसऱ्या अंगाला दुसऱ्या राज्याची अक्षरे कोरली. त्यातले काही दगड अजून आहेत.

पण दगड होते म्हणून कोणाचे काही अडत नव्हते. शाळा थुरिंगियाच्या बाजूला होती. बव्हेरियाकडची मुले ओढा ओलांडून त्याच शाळेत जात. चर्च बव्हेरियाकडच्या ट्योपेन गावात होते. तिथं सगळे मिळून प्रार्थनेला जात. सोयरेधायरे दोन्हीकडे होते.

गावाची ताटातूट

सन १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपले. जर्मनी हरला. जिंकलेल्या देशांनी जर्मनीचे भाग वाटून घेतले. बव्हेरिया अमेरिकेकडे आला आणि थुरिंगिया रशियाकडे गेला. सन १९४९ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी असे दोन वेगळे देशच झाले. आणि बरं का, त्यांची सरहद्द या ओढ्यातूनच गेली! एका गावाचे दोन देश झाले.

पूर्वेकडची पुष्कळ माणसे पश्चिमेकडे निघून जायला लागली. सन १९६१ पर्यंत सुमारे २७ लाख माणसे गेली. त्यांना अडवायला पूर्वेच्या सरकारने सरहद्द बंद केली. म्योडलारॉइटमध्ये १९५२ साली फळ्यांचे उंच कुंपण घातले. मग काटेरी तारा आल्या. सन १९६६ मध्ये सिमेंटची भिंत बांधली. ती ७०० मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच होती. माणसाच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा राहिला तरच पलीकडचे दिसेल, एवढी. पहाऱ्याला शिपाई होते. रात्रभर दिवे जळत. बर्लिन शहरातही १९६१ मध्ये अशीच भिंत झाली होती. म्हणून या गावाला लोक ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले.

मला सगळ्यात वाईट वाटले ते पुढेच आहे. पश्चिमेकडची माणसे ओढ्याजवळ येऊन हात हलवत. पण पूर्वेकडच्यांना उलट हात हलवायची बंदी होती. समोर आपला मामा उभा असला, आत्या उभी असली, तरी नुसते बघायचे. हाक मारायची नाही. पूर्वेच्या बाजूला बाहेरच्या माणसाला पासाशिवाय येताही येत नसे. मग सणाला पाहुणे कसे येणार? सन १९७३ मध्ये एका माणसाने शिडी लावून भिंत ओलांडली आणि तो पलीकडे गेला. असे धाडस कोण रोज करणार? पकडला तर तुरुंग होता. गोळीही लागू शकत होती.

सन १९८३ मध्ये अमेरिकेचे त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ही भिंत पाहायला आले होते. एवढ्याशा गावात एवढा मोठा पाहुणा! पण तेही पश्चिमेकडूनच बघून गेले.

भिंत पडली

सन १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतली माणसे मोठ्या संख्येने रस्त्यावर आली. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटच्या लोकांना आणखी एक महिना थांबावे लागले. ९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीत पायी जाण्यापुरती वाट झाली. इतक्या वर्षांनी माणसे इकडून तिकडे गेली. जे शाळकरी होते त्यांना तोवर पोरेबाळे झाली होती. १७ जून १९९० रोजी यंत्राने भिंत पाडायला घेतली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनी पुन्हा एक देश झाला.

आता काय पाहाल?

१) भिंत : सगळी पाडली नाही. सुमारे १०० मीटर मुद्दाम ठेवली आहे. आपल्या धावण्याच्या शर्यतीएवढी.
२) टेहळणीचा मनोरा : त्यावरून शिपाई पहारा करीत.
३) संग्रहालय : ते १९९० मध्ये सुरू झाले. तिथं त्या दिवसांतली वाहने आणि वस्तू ठेवल्या आहेत.
४) टानबाख ओढा आणि हद्दीचे दगड.

देश एक झाला तरी राज्ये अजून दोनच आहेत. म्हणून एवढ्या गावाला दोन नगराध्यक्ष आणि दोन पिनकोड आहेत. शाळेच्या सुट्ट्यासुद्धा दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी लागतात. नमस्कार करायची पद्धतही निराळी. बव्हेरियात ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात आणि थुरिंगियात ‘गुटेन टाग’ म्हणतात. पण आता कोणी काही म्हटले तरी पलीकडून उत्तर येते.

भिंतीचा तुकडा ठेवला ते मला बरोबर वाटते. सगळी पाडली असती, तर इथं हात हलवायलाही बंदी होती हे पुढच्या मुलांना खरे वाटले नसते.

सांगा पाहू :
१) गावातून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव काय?
२) भिंत कोणत्या साली बांधली? ती किती वर्षे बंद होती?
३) तुमच्या मित्राचे घर भिंतीपलीकडे गेले असते, तर तुम्हाला काय वाटले असते? पाच ओळी लिहा.

— इयत्ता चौथी