विद्याशाखांची संख्या आणि विद्येची दिशा : तोक्योच्या सोफिया विद्यापीठाचा विचार

विद्यापीठाची वाढ मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याच्या विद्याशाखा मोजणे. नवा अभ्यासक्रम सुरू झाला की वाढ झाली, असे वार्षिक अहवालांतून गृहीत धरले जाते. परंतु विद्या कोणाकडून कोणाकडे जाते आहे, हा प्रश्न त्या मोजणीत येत नाही. तोक्योच्या सोफिया या जेझुइट विद्यापीठाचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात उद्बोधक आहे. आणि भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास तेथे एक परिचित नावही भेटते.

१९०८ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये उतरलेल्या तिघा जेझुइटांपैकी एक जोसेफ डालमान. त्यांचा महाभारतावरील जर्मन ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला होता. महाभारताचे थर वेगळे करण्यात पाश्चात्त्य पंडित गुंतलेले असताना डालमान यांनी असे प्रतिपादन केले की, आख्यान आणि धर्मशास्त्र यांचा त्या ग्रंथातील संयोग आकस्मिक नसून हेतुपूर्वक केलेला आहे. त्यांनी सुचविलेला काळ विद्वानांना मान्य झाला नाही. तथापि उपलब्ध संहितेकडे एकसंध रचना म्हणून पाहण्याच्या त्यांच्या भूमिकेची दखल पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर यांनीही आपल्या महाभारतविषयक व्याख्यानांत घेतली.

अशा पंडिताचा सहभाग असलेल्या संस्थेचा आरंभ मात्र वेगळ्या विषयांनी झाला. १९१३ साली सुरू झालेल्या या विद्यालयात तत्त्वज्ञान, जर्मन वाङ्मय आणि वाणिज्य हे विभाग होते. १९२८ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या पर्वात विद्येचा प्रवाह मुख्यतः युरोपकडून जपानकडे वाहत होता. परक्या ग्रंथाला त्याच्याच अंतर्गत संगतीने वाचण्याची डालमान यांची दृष्टी ही एका व्यक्तीची दृष्टी होती. ती अद्याप संस्थेची रीत झालेली नव्हती. १९३० मध्ये ते निवर्तले.

यजमान समाजाशी असलेले नाते किती नाजूक आहे, हे लवकरच दिसून आले. १९३२ मध्ये काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवालयात वंदन करण्यास नकार दिला. सैन्याने विद्यापीठात नेमलेला आपला अधिकारी परत बोलावला आणि संस्थेचे भवितव्यच संकटात आले. १९३६ मध्ये रोमने अशा वंदनास नागरी निष्ठेचे द्योतक मानून अनुमती दिली. हा परक्या आचाराचा उदार अर्थ होता की राजसत्तेपुढील माघार, याविषयी मतभेद संभवतात. एवढे मात्र खरे की, एखाद्या कृतीचा अर्थ तिच्या स्वतःच्या भाषेत व परंपरेत कसा लावावा, हा प्रश्न तेथे केवळ पंडिती राहिला नव्हता.

१९३८ मध्ये योहानेस क्राउस यांच्या संपादकत्वाखाली ‘मोन्युमेंटा निप्पोनिका’ हे जपानविषयक संशोधनाचे नियतकालिक सुरू झाले. जपानी ग्रंथांची भाषांतरे व चिकित्सा त्यातून येऊ लागली. येथे प्रवाहाची दिशा पालटली : शिकवायला आलेली संस्था आता यजमान देशाचे वाङ्मय वाचू लागली. महायुद्धात खंडित झालेले हे प्रकाशन १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि आजही चालू आहे. डालमान यांच्याकडे जी दृष्टी व्यक्तिगत होती, तिच्या जातीचे कार्य आता संस्थेच्या आधाराने, पिढ्यान् पिढ्या होऊ शकले.

युद्धोत्तर विस्तार सर्वज्ञात अर्थाने मोठा आहे. १९५७ मध्ये विधी शाखा निघाली व विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला; १९५८ मध्ये परकीय भाषांची आणि १९६२ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीची शाखा आली. २००६ मध्ये इंग्रजी माध्यमाची उदार कलाशाखा आणि २०१४ मध्ये जागतिक अध्ययनाची शाखा स्थापन झाली. मात्र या विस्तारातच एक संकोचही दडलेला आहे. प्रारंभी अनेक युरोपीय भाषांना जागा देणारे ‘मोन्युमेंटा निप्पोनिका’ पुढे केवळ इंग्रजीत निघू लागले. वाचकवर्ग वाढला, परंतु परक्या वाङ्मयाशी संवाद करण्याच्या वाटा अनेक होत्या, तेथे एक उरली.

भारतातही याला समांतर उदाहरण आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकविण्यास आलेले स्पॅनिश जेझुइट हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथेही अध्यापनाच्या शेजारी संशोधनाचे स्वतंत्र घर बांधावे लागले.

दोन्ही उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना संस्थेकडे आणतो, तर नियतकालिक, ग्रंथालय आणि भाषांतर संस्थेला दुसऱ्याच्या ग्रंथाकडे नेतात. भारतीय भाषांचे नवे विभाग स्थापन करताना पदव्यांच्या नावांइतकाच या दुसऱ्या प्रवासाचा विचार व्हावयास हवा. मराठीच्या विद्यार्थ्याला तमिळ किंवा असमिया ग्रंथ इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून वाचता येऊ लागला, तर त्या वर्षी एकही नवा विभाग निघाला नसला तरी विद्यापीठ वाढले असे मानण्यास प्रत्यवाय नसावा.