धाक आणि पत

युद्ध जिंकणे ही मोठी गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु युद्ध होऊच न देणे ही त्याहून मोठी गोष्ट होय. शेजारी राष्ट्राच्या मनात आक्रमणाचा विचार आला, तरी ‘याची किंमत आपल्याला परवडणार नाही’ असा हिशेब करून त्याने तो सोडून द्यावा, या स्थितीला संरक्षणशास्त्राच्या ग्रंथांत निरनिराळी जड नावे आहेत. आपल्या बोलीत त्यासाठी ‘धाक’ आणि ‘वचक’ हे दोन सोपे शब्द पूर्वीपासून आहेत. हा धाक कशाने निर्माण होतो, कशाने टिकतो आणि कशाने जातो, याचा विचार वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा सैन्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. धाक ही वस्तू तिजोरीत ठेवता येत नाही. ती समोरच्याच्या मनात असते. आमच्या विषयातही अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे पत. पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात मराठी व्यापारी तिला ‘पत’ म्हणतो, हिंदी व्यापारी ‘साख’ म्हणतो, आणि आपल्या कन्नड विभागातील मित्र कदाचित ‘नंबिके’ म्हणतील. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतानाच विकला जातो. व्यापारी इसार देतो व उरलेली रक्कम पुढे देण्याचे कबूल करतो. त्याच्यावर विश्वास टाकताना शेतकरी तीन गोष्टी पाहतो. याच्याजवळ पैसा आहे काय? देण्याची याची नियत आहे काय? आणि मागच्या बहाराला याने शब्द पाळला होता काय?

राष्ट्राच्या धाकाचे आधारही हेच तीन आहेत: सिद्धता, निर्धार आणि पूर्वेतिहास. या तिघांची बेरीज करून चालत नाही, गुणाकार करावा लागतो. त्यांपैकी एक जरी शून्य झाले, तरी उत्तर शून्यच येते.

धाकाला अट लागते

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा मिळविण्यासाठी दोन्हीकडून दगड चालतात. सिद्धता दोन्हीकडे असते, निर्धारही दोन्हीकडे असतो. तरी कोणी कोणाला रोखू शकत नाही आणि माणसे जखमी होतात. असे का व्हावे? धाकाचे वाक्य दोन भागांचे असते: ‘आगळीक केलीस तर मारीन, आणि केली नाहीस तर मारणार नाही.’ दगड येणारच असेल, तर हात आवरण्यात कोणालाच लाभ नसतो. त्याच दिवशी दुसराही धडा मिळतो. जमावबंदीचा आदेश निघतो, बंदोबस्त लागतो आणि तरीही दगड चालतातच. आदेश मोडल्यावर पुढे काय होते, याचा अंदाज लोकांनी वर्षानुवर्षांच्या अनुभवाने बांधलेला असतो. न पाळलेल्या शब्दाची किंमत अशी हळूहळू उतरते.

दुसऱ्याच्या जामिनावर

आता राष्ट्रांकडे वळू. पोर्तुगाल हा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नाटो करारसंघाचा संस्थापक सभासद. एवढे बलाढ्य मित्र पाठीशी असल्यावर भारत गोव्याला हात लावणार नाही, असा सालाझारच्या राजवटीचा भरवसा होता. परंतु तो करार युरोप आणि उत्तर अमेरिकेपुरता होता. जामीनपत्रात गोव्याचे नावच नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. शेवटपर्यंत लढण्याचे हुकूम लिस्बनहून सुटले होते, पण ते पाळण्याइतके बळ गोव्यात नव्हते. स्वतःच्या पेढीत शिल्लक नसता दुसऱ्याच्या नावावर चालविलेला व्यवहार असाच बुडतो.

शिल्लक नसलेली हुंडी

गोव्याच्या विजयाचा आनंद ओसरतो न ओसरतो, तोच तशीच चूक आपल्या वाट्याला आली. १९६१ च्या अखेरीपासून लडाख व नेफा भागांत पुढे पुढे लहान चौक्या उभारण्याचे धोरण आखले गेले. चौकी ही एक प्रकारची हुंडीच असते. ‘येथपर्यंत आमचे, पुढे आलात तर लढू’ असा तिच्यावर मजकूर असतो. पण या हुंड्यांच्या मागे शिल्लक नव्हती. रस्ते नव्हते, तोफा दूर होत्या, कित्येक ठिकाणी रसद विमानातून टाकावी लागे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि महिनाभरात तो हिशेब चुकता झाला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. जवानांच्या निर्धारात उणे काही नव्हते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी लढली. मध्ये डोंगर आड आल्यामुळे त्यांना आपल्या तोफांचे साहाय्य मिळू शकत नव्हते. ११४ जवान जागीच पडले, पण हटले नाहीत. हिवाळा सरता सरता त्यांचे देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. त्यांनी आपला शब्द पाळला. त्या शब्दामागे जे उभे करावयास हवे होते, ते मात्र मागच्यांनी उभे केले नव्हते. सिद्धतेवाचून निर्धार म्हणजे शूर माणसांच्या प्राणांवर काढलेले कर्ज होय.

पत पुन्हा कशी उभी राहिली

नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. वाक्य सुंदर आहे. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याने त्यापुढचे आकडे पाहिले पाहिजेत. १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये दाखविले गेले. १९६४ पासून पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल, पर्वतीय युद्धासाठी तयार केलेल्या डिव्हिजन आणि ४५ स्क्वॉड्रनचे हवाई दल हे तिचे लक्ष्य होते. आमच्या भागाला जवळचे शहर म्हणजे नागपूर. त्याच्या परिसरात अंबाझरी, भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर व चंद्रपूरकडील भद्रावती येथे दारूगोळ्याचे कारखाने याच काळात उभे राहिले. महाविद्यालयांत एन. सी. सी. सक्तीची झाली; ती सक्ती १९६८ पर्यंत राहिली.

हे सारे फुकट झाले नाही. कर वाढले, सक्तीची ठेव योजना आली, सोने नियंत्रणामुळे कित्येक सोनारांचा धंदा बसला. गरीब देशाने तोफा घ्याव्यात की धान्य, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो योग्यच होता. त्याचे उत्तर एवढेच देता येईल की, धाक गेल्यावर होणारे युद्ध धान्य आणि तोफा दोन्ही खाऊन टाकते.

मात्र पैसा आला म्हणून पत त्याच दिवशी परत येत नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठविले. भारत युद्ध काश्मीरबाहेर नेणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली आणि तो अंदाज खोटा ठरला. त्याच महिन्यात चीनने सिक्कीम सीमेवरील चौक्यांबाबत निर्वाणीचा खलिता दिला. जेलेप ला मोकळी झाली, पण नाथू ला आपण सोडली नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये त्याच नाथू लावर चकमक झाली, तेव्हा सगतसिंग यांच्या डिव्हिजनच्या तोफांनी सडेतोड उत्तर दिले. १९७१ च्या बांगलादेश युद्धात चीन स्वस्थ बसला. सोव्हिएत संघाशी झालेला करार आणि हिवाळ्यातील बर्फ ही त्याची कारणे होतीच. परंतु नाथू लाचा अनुभवही त्याच्या हिशेबात असला पाहिजे. म्हणजे एका वर्षात गेलेली पत भरून यावयास नऊ वर्षे लागली.

मोठी नोट आणि किरकोळ बाजार

पोखरण येथे १९७४ मध्ये आणि पुन्हा मे १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्या. आता सैन्याची गरज काय, असे काहींना वाटले. परंतु कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाचशेची नोट पुढे केली, तर भाजीवाली ती मोडून देत नाही. चाचण्यांनंतर वर्षभरातच कारगिलच्या शिखरांवर घुसखोरी झाली. ती शिखरे परत मिळविली पायदळाने आणि तोफखान्याने, आणि त्यासाठी ५२७ जवानांनी प्राण दिले. अण्वस्त्राचा धाक मोठ्या विनाशापुरता असतो. लहान आगळीक थांबविण्यास लहान नाणीच हवीत: रायफल, बूट, रस्ते, पाळतीवरील डोळे आणि पुरेसा दारूगोळा.

या नाण्यांची मोजदाद वरचेवर झाली पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात नोंद आहे की, दारूगोळ्याचा साठा ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल एवढा असावा असे ठरलेले असता, मार्च २०१३ मध्ये निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांनाही पुरेल इतका नव्हता. असे अहवाल छापल्याने शत्रूला आपले उणे कळते, असा आक्षेप घेतला जातो. पण शत्रू हेर ठेवून असतो, त्याला ते बहुधा ठाऊकच असते. ठाऊक नसते ते आपल्याला, आणि आपल्याला कळल्याखेरीज कोठार भरत नाही. आमच्या विषयात लेखापरीक्षणाला पेढीचा शत्रू मानीत नाहीत. पेढी बुडते ती खोट्या ताळेबंदाने.

ताळेबंदाच्या खर्चाच्या बाजूला आणखी एक रकाना असतो. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला व कामगार मृत्युमुखी पडले. सीमेवर चालणारा प्रत्येक गोळा आधी कोणाच्या तरी हातांतून गेलेला असतो. सिद्धतेचा विचार करताना सीमेवरच्या जवानाबरोबर कारखान्यातल्या या माणसाची सुरक्षितताही त्याच हिशेबात धरली पाहिजे.

आपले काम

मग निर्धार कोठे दिसतो? चौकात मिरवणूक निघाली की राष्ट्राचा निर्धार दिसला, असे आपण समजतो. पण गर्जेल तो पडेल काय, ही म्हण आपल्याकडे उगीच झालेली नाही. प्रतिपक्ष आपल्या घोषणा मोजीत नाही. तो आपले अंदाजपत्रक वाचतो, कोठारे मोजतो, आणि मागच्या वेळी आपण काय बोललो व काय केले, हे ताडून पाहतो. म्हणून शांततेच्या काळात कर नीट भरणे, अहवालांतील आकडे वाचणे, उणीव दिसल्यास ती निर्भयपणे विचारणे आणि न पेलणाऱ्या वल्गना करणाऱ्या पुढाऱ्याला टाळ्या न देणे, ही निर्धाराचीच कामे आहेत. यांतील एकही विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आमच्या वर्गातील कोणी उद्या बँकेत जाईल, कोणी आडतीवर बसेल, कोणी सैन्यात भरती होईल. तिघांनाही एकच नियम लागू पडतो. जेवढे देता येईल तेवढेच कबूल करावे, आणि कबूल केले ते मुदतीत चुकते करावे. ज्याचा हा लौकिक आहे, त्याच्याकडे तगादा लावण्यास सहसा कोणी येत नाही.