शैलेन मन्ना

माझ्या दादाला फुटबॉलचा लई नाद. तो आपल्या गावच्या तालमीकडून बॅकला खेळतो. दिवाळीनंतर शेजारच्या गावचे दोघे मोटारसायकलवरून आमच्या घरी आले. चहा घेतला आणि दादाला म्हणाले, "आमच्याकडून खेळ. नवे बूट देतो, वर मॅचला पाचशे रुपये." दादा काहीच बोलला नाही. ते बुटांचं खोकं ठेवून गेले.

मी हे गुरुजींना सांगितले. तेव्हा त्यांनी मला शैलेन मन्ना यांची माहिती दिली आणि भित्तिपत्रकासाठी लिहून आण म्हणाले.

मन्ना यांचा जन्म १ सप्टेंबर १९२४ रोजी बंगालमध्ये हावडा येथे झाला. मध्ये हुगळी नदी आहे, अलीकडे हावडा आणि पलीकडे कोलकाता. आधी ते हावडा युनियनकडून खेळत. १९४२ साली ते मोहन बागान क्लबात आले. हा क्लब फार जुना, १८८९ सालचा. त्याने १९११ साली इंग्रज सोल्जरांच्या संघाला हरवून आय.एफ.ए. शिल्ड जिंकली, तेव्हा अकरापैकी दहा गडी अनवाणी होते!

मन्ना डावीकडचे बॅक. ते १९६० पर्यंत मोहन बागानकडूनच खेळले. ४२ पासून ६० पर्यंत मी बोटांवर मोजले, एकोणीस वर्षे झाली. हातांची बोटे पुरली नाहीत. क्लबाकडून त्यांनी खेळण्याचे पैसे घेतले नाहीत. पोटासाठी ते भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी करीत.

१९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना झाला. आपले पुष्कळ खेळाडू अनवाणीच होते. आपण १–२ असे हरलो. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यातली एक मन्नांची होती. मला हे ऐकून बरे वाटले. असे म्हणू नये, पण गेल्या महिन्यात मीपण पेनल्टी घालवली आणि दोन दिवस वर्गात कुणी माझ्याशी बोलले नाही. मन्नांना तर पुढे कप्तान केले. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा ते कप्तान होते. शेवटच्या सामन्यात मेवालाल यांनी गोल केला आणि इराणला १–० ने हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले.

पण १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे हरवले. तेव्हाही मन्नाच कप्तान होते. तिकडे थंडी, आणि आपले कित्येक जण बिनबुटाचे. त्यानंतर आपल्याकडे बूट घालूनच खेळायचे असा नियम झाला. हे लिहू का नको असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, "लिही. हरलेलंपण लिहायचं असतं."

१९५३ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या वार्षिक पुस्तकात त्यांना जगातल्या दहा उत्तम कप्तानांत धरले. १९७१ साली पद्मश्री मिळाली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ते वारले.

हे सगळे मी रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाली, "त्येंना सरकारी नोकरी हुती रं. आपल्या दादाला कुठं हाय?" दादा सेंट्रिंगच्या कामावर जातो. पाऊस लागला की काम बंद. बाबा म्हणाले, "पोराला वाचू दे." दादाने एकच विचारले, "एकोणीस वर्सं? एकाच संघाकडून?" मी हो म्हणालो.

बुटांचं खोकं अजून कॉटखाली आहे. मी उघडून बघितले नाही. दादाने एकदा बघितले.

रविवारी आपल्या तालमीचा त्याच गावाशी सामना आहे. दादा कुणाकडून खेळणार ते त्याने अजून सांगितलेले नाही. सामना शाळेमागच्या माळावर चार वाजता आहे. सर्वांनी यावे.

— इयत्ता चौथी