सांडपाणी : नाक मुरडण्यापूर्वी थोडे समजून घेऊ या

कावीळ म्हटली की आपल्याकडे अजूनही अनेकांचा हात आधी काविळीच्या माळेकडे किंवा गावठी औषधाकडे जातो. परंतु साथीच्या रूपाने येणारी कावीळ बहुधा पिण्याच्या पाण्यातून येते आणि त्या पाण्यात ती गटारातून आलेली असते. म्हणून आज आपण औषधाच्या बाटलीविषयी न बोलता गटाराविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून नाक मुरडू नका. त्याचा आपल्या प्रकृतीशी फार जवळचा संबंध आहे.

दिल्लीतील एक जुनी घटना पाहा. १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेच्या पुरानंतर नदीचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे घाण पाणी वझिराबाद येथील पाणी उपसा केंद्राकडे उलटे चढले. धोका ओळखून क्लोरीन व तुरटीचे प्रमाण वाढविण्यात आले. त्यामुळे विषमज्वर व हगवणीची साथ टळली, पण काविळीचा विषाणू त्यातून निसटला. डिसेंबर आणि जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांना तिचा फटका सर्वांत जास्त बसला. आज या विषाणूला आपण ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतो. त्या वेळी त्याची ओळखही पटलेली नव्हती.

या घटनेचा धडा सरळ आहे. पिण्याच्या पाण्यात औषध टाकणे ही शेवटची चौकी होय. पहिली चौकी सांडपाण्यावर बसवावी लागते.

सांडपाण्यात असते तरी काय?

ऐकून नवल वाटेल, पण शहराच्या सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचाच असतो. उरलेल्या अगदी थोड्या भागात मलमूत्र, साबण, तेलकटपणा, अन्नाचे कण, वाळू आणि असंख्य रोगजंतू असतात. पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ, पोलिओ, जंत या सर्वांचा प्रवास याच वाटेने होतो. मात्र त्याच थोड्या भागात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थही असतात. आपल्या शेतकऱ्यांनी मैल्याच्या खताला ‘सोनखत’ हे नाव उगीच दिलेले नाही. म्हणजे विष आणि सोने एकाच नळीतून वाहत असते. ते वेगळे करणे हे शुद्धीकरण केंद्राचे काम.

शुद्धीकरण कसे होते?

केंद्रात आलेले पाणी प्रथम जाळीतून जाते. तेथे चिंध्या, प्लॅस्टिक व कचरा अडकतो. पुढे वाळू खाली बसते. मग मोठ्या टाकीत पाणी संथ ठेवले की जड गाळ तळाशी जातो. यानंतरचा टप्पा खरा महत्त्वाचा. पाण्यात यंत्राने हवा मिसळतात. हवेवर जगणारे सूक्ष्म जीव झपाट्याने वाढतात आणि पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. नंतर या जीवांचा गाळही खाली बसवतात आणि वरचे निवळ पाणी निर्जंतुक करून सोडतात.

घाण किती कमी झाली हे मोजण्यासाठी ‘बीओडी’ नावाची तपासणी करतात. घाण कुजवताना सूक्ष्म जीव पाण्यातील किती प्राणवायू वापरतात, ते तिच्यावरून कळते. घरगुती सांडपाण्यात हा आकडा साधारणपणे लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. उत्तम चालणाऱ्या केंद्रातून बाहेर पडताना तो १० च्या आसपास येतो. हा एक आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

काय काय परत मिळवता येते?

पूर्वी या केंद्रांचे काम घाण पाणी कमी घाण करून नदीत सोडणे एवढेच मानले जाई. आता ही दृष्टी बदलत आहे.

१. पाणी : आपल्या राज्यातील चांगले उदाहरण नागपूरचे. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला यंत्रे थंड ठेवण्यासाठी प्रचंड पाणी लागते आणि ते पेंच धरणातून घेतले जाई. त्याच धरणावर नागपूरकरांची तहानही अवलंबून. २००८ मध्ये नागपूर महापालिका व महानिर्मिती कंपनी यांच्यात करार झाला. भांडेवाडी येथे रोज सुमारे १३० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करून वीज केंद्राला देण्याची योजना उभी राहिली. वीज केंद्र सांडपाण्यावर चालले की तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी वाचते, शिवाय महापालिकेला मोबदला मिळतो. पुढे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात असे ठरले, की शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी असे पाणी वापरावे.

दुसरे उदाहरण सुरतचे. १९९४ च्या प्लेगने हे शहर देशभर बदनाम झाले होते. त्यानंतर तेथे स्वच्छतेची घडी नव्याने बसवली गेली. याच शहराने २०१४ पासून सांडपाणी अधिक शुद्ध करून पांडेसरा येथील कापड रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली.

आणि पिण्यासाठी? आफ्रिकेतील नामिबिया या कोरड्या देशाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून सांडपाणी अनेक टप्प्यांनी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. २००२ मध्ये तेथे रोज २ कोटी १० लाख लिटर क्षमतेचे नवे केंद्र सुरू झाले. पाण्याची परीक्षा त्याच्या पूर्वेतिहासावरून नव्हे तर गुणवत्तेवरून करावी, असा या कामातील अग्रणी शास्त्रज्ञ डॉ. लुकास व्हॅन व्हुरेन यांचा आग्रह असे. अर्थात त्यासाठी सतत तपासणी लागते. ती नसेल तर हा प्रयोग कोणी करू नये.

२. गॅस : तळाशी बसलेला गाळ बंद टाकीत हवेविना कुजवला की मिथेन असलेला गॅस तयार होतो. हे आपल्या गोबर गॅसचेच मोठे भावंड. सुरतमध्ये २००३ पासून अशा गॅसवर वीज निर्माण होऊ लागली. केंद्रातील हवेचे पंप भरपूर वीज खातात. त्यांचे बिल घाणीतूनच भागले तर केंद्र बंद पडण्याचे एक मोठे कारण दूर होते.

३. खत : अमेरिकेतील मिलवॉकी शहराने गाळ भट्टीत वाळवून ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने १९२६ पासून खत विकायला सुरुवात केली. ते आजही विकले जाते. उष्णतेने रोगजंतू मरतात, हे त्यातील मर्म. मात्र कारखान्यांचे पाणी गटारात मिसळत असेल तर गाळात शिसे, कॅडमियमसारखे जड धातू येतात आणि ते भट्टीतही नष्ट होत नाहीत. म्हणून तपासणीशिवाय गाळ शेतात टाकू नये. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात डरहॅम येथील केंद्राने २००९ पासून सांडपाण्यातील स्फुरद खड्यांच्या रूपात वेगळे काढून खत बनवले. हेच खडे पूर्वी नळांत साचून नळ तुंबत असत. स्फुरदाची खनिजे आपल्याला मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते.

४. बातमी : ही वस्तू डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची. आजारी माणूस दवाखान्यात येण्यापूर्वी त्याचे जंतू गटारात पोहोचलेले असतात. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासून पोलिओच्या विषाणूचा माग काढला जाऊ लागला. पोलिओ झालेल्या बहुसंख्य मुलांना लकवा होत नाही, त्यामुळे ती नजरेतून सुटतात. गटार मात्र खरे सांगते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात या पहाऱ्याचाही वाटा आहे. २०२० मध्ये नेदरलँड्समधील अमर्सफोर्ट शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण नोंदला जाण्यापूर्वीच त्याचे अंश सांडपाण्यात सापडले होते.

उपयोग आणि उपद्रव यांतील रेषा

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘सांडपाणी उपयोगी असते’ म्हणजे नाल्याला पंप लावून पालक-मेथी पिकवावी असे नव्हे. न शुद्ध केलेल्या पाण्यावर पिकलेली आणि कच्ची खाल्लेली भाजी म्हणजे जंत व अतिसाराला आमंत्रण. त्या शेतात अनवाणी राबणाऱ्यांना तर आकडी कृमी पायाच्या कातडीतून शिरतो आणि रक्तक्षय करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेतीसाठी वापरायच्या सांडपाण्यात लिटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नसावे. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी कच्ची खाताना वाहत्या स्वच्छ पाण्याने नीट धुवावी, हा नियम तर प्रत्येक घरात हवाच.

कौतुक कोणाचे करावे?

आपण पूल बांधणाऱ्याचा सत्कार करतो, पाण्याच्या टाकीचे उद्घाटन थाटाने करतो. सांडपाण्याचे केंद्र चोख चालवणाऱ्याचा सत्कार मात्र क्वचितच होतो. अमेरिकेत जलक्षेत्रातील संस्थांनी २०१६ पासून ‘युटिलिटी ऑफ द फ्युचर टुडे’ नावाचा सन्मान सुरू केला. सांडपाण्यातून पाणी, ऊर्जा, खत मिळवणाऱ्या, नदीचे हित जपणाऱ्या आणि लोकांना बरोबर घेणाऱ्या केंद्रांना तो मिळतो. कर्मचाऱ्यांना नवे काही सुचवण्याची मोकळीक आहे का, हेही तेथे पाहिले जाते. आपल्याकडे स्वच्छ भारत अभियानात ‘वॉटर प्लस’ हा दर्जा आहे. तो मिळवणारे पहिले शहर म्हणून २०२१ मध्ये इंदूरची घोषणा झाली.

अशा कौतुकाची गरज का आहे, ते आकड्यांवरून कळेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. केंद्रांची क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण होत होते २०,२३६ दशलक्ष लिटरचे. सर्वाधिक सांडपाणी आपल्या महाराष्ट्रातच, रोज ९,१०७ दशलक्ष लिटर. म्हणजे केंद्रे कमी आहेत हे खरेच, पण जी आहेत तीही पूर्ण चालत नव्हती. यंत्र विकत घेणे सोपे. ते रोज चालवणे अवघड. शाबासकी द्यायची ती रोज चालवणाऱ्याला.

आपल्या गावात केंद्र असेल तर नागरिकांनी पुढील प्रश्न जरूर विचारावेत :

१. गावातील किती सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचते आणि किती सरळ ओढ्यात जाते?
२. केंद्र रात्री व सुट्टीच्या दिवशीही चालते का? वीज गेल्यास सोय काय?
३. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? तो फलकावर लावतात का?
४. गाळाचे पुढे काय होते? त्याची तपासणी होते का?
५. शुद्ध केलेले पाणी बागा, बांधकाम वा कारखान्यांना दिले जाते का?
६. गटारात उतरण्यासाठी माणूस वापरतात की यंत्र?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. गटारात व सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठतात. ते एक-दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करू शकतात आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही दगावतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. परंतु गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. ज्या केंद्रात सर्व काही उत्तम आहे पण माणूस गटारात उतरतो, ते केंद्र कौतुकास पात्र नाही.

घरी आपण काय करावे?

- तळणीचे उरलेले तेल, उरलेली औषधे, सॅनिटरी पॅड मोरीत किंवा शौचालयात टाकू नये.
- सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा आणि तो शोषण पंपाच्या गाडीनेच उपसून घ्यावा.
- नळाची जोडणी गटारातून गेली असल्यास ती बदलून घ्यावी. पाणी बंद असताना फुटक्या नळात गटाराचे पाणी ओढले जाते.
- पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. घरात गरोदर स्त्री असल्यास याबाबत मुळीच हयगय करू नये.
- शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

शाळांच्या सहली धरणावर, किल्ल्यावर जातात. एखादी सहल जवळच्या शुद्धीकरण केंद्रावरही नेण्यास शिक्षकांनी हरकत मानू नये. केंद्रात शिरणारे काळे पाणी आणि बाहेर पडणारे निवळ पाणी मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवावे. आणि ते निवळ करणाऱ्या माणसाला त्यांच्यासमोर नमस्कार करावा. आपल्या दवाखान्यात कमी रुग्ण यावेत म्हणून तोही आपल्या जागी झटत असतो.